निबंधावर नाव असेल तर नामानिराळे राहता येत नाही

प्रति,
संशोधनाचे मार्गदर्शक, प्रयोगशाळांचे प्रमुख आणि ज्यांचे नाव शोधनिबंधावर शेवटी छापले जाते असे सर्व ज्येष्ठ सहकारी

विषय : निबंध पाठवण्याआधी मूळ नोंदी स्वतः पाहण्याबाबत

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच एक आहे. गेली अकरा वर्षे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. वर्षाला चार-पाच निबंधांवर माझे नाव लागते आणि बहुतेक वेळा ते शेवटी असते. आपल्या विषयांत शेवटच्या नावाला काय मान असतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रयोगशाळा कोणाची, अनुदान कोणी आणले, मूळ विचार कोणाचा, हे सगळे वाचणारा त्या नावावरून ताडतो. त्या मानासोबत जे काम येते ते मी एका निबंधाच्या वेळी केले नाही. त्याचे काय झाले ते आधी सांगते. ते न सांगता तुमच्याकडे काही मागण्याचा मला अधिकार नाही.

निबंध बियांच्या अंकुरणावर होता. एका पेट्री डिशमध्ये ओल्या गाळणकागदावर वीस बिया मांडायच्या आणि चौदा दिवसांनी किती रुजल्या ते मोजायचे, इतका साधा प्रयोग. निबंध छापून आल्यावर दोन वर्षांनी मला एका अनोळखी वाचकाची ईमेल आली. मोजक्या ओळींची आणि अतिशय नम्र. तक्ता दोनमध्ये तुम्ही बारा डिशची सरासरी १४.३८ दिली आहे, असे त्याने लिहिले होते. रुजलेल्या बिया पूर्ण संख्येतच मोजल्या जातात. बारा डिशमध्ये मिळून १७२ बिया रुजल्या असतील तर सरासरी १४.३३ येते, १७३ रुजल्या असतील तर १४.४२. या दोहोंच्या मधला १४.३८ हा आकडा बारा डिशमधून निघूच शकत नाही. मूळ नोंदी पाहायला मिळतील का?

ही तपासणी काही गुंतागुंतीची नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये ती मांडली आणि आता ती ‘ग्रिम’ चाचणी या नावाने ओळखली जाते. मोजलेल्या वस्तू पूर्ण संख्येत असतील तर छापलेली सरासरी आणि नमुन्याचा आकार एकमेकांशी जुळतात का, एवढेच ती पाहते. कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत होते. ती दोन मिनिटे मी दिली नव्हती. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या समीक्षकांनीही दिली नव्हती, पण समीक्षकांचे नाव निबंधावर नव्हते. माझे होते.

छापताना काहीतरी चुकले असेल, असे मी मनाशी म्हटले आणि ती ईमेल तीन आठवडे तशीच पडू दिली. या तीन आठवड्यांची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढे जे निघाले ते मला माहीत नव्हते. पण कोणीतरी सरळ प्रश्न विचारला आहे आणि आपण उत्तर देत नाही, हे तर माहीत होते. अखेर एका संध्याकाळी कपाटातून विद्यार्थिनीची नोंदवही काढली. पान लगेच सापडले. तिचे अक्षर सुरेख, प्रत्येक पानावर तारीख. वर एकाखाली एक आठ आकडे, त्यांची बेरीज ११५. खाली एक ओळ : ‘डिश ९ ते १२ : बुरशी. टाकून दिल्या.’ मी ११५ ला ८ ने भागले. १४.३७५. म्हणजे सरासरी अगदी बरोबर होती. खोटा होता तो ‘बारा’.

मग मी निबंधाचे जुने मसुदे उघडले. पहिल्या मसुद्यात तिने प्रामाणिकपणे आठच लिहिले होते. त्या आकड्याच्या बाजूला माझी टिप्पणी होती : ‘आठ फार कमी आहेत. समीक्षक ऐकणार नाहीत. बारा करा.’ मला म्हणायचे होते की आणखी चार डिश लावा. पण त्या टिप्पणीनंतर नवव्या दिवशी आम्ही निबंध पाठवला, कारण अनुदानाच्या अहवालात तो ‘पाठवला आहे’ असे मला दाखवायचे होते. बिया रुजायला चौदा दिवस लागतात. नऊ दिवसांत चार नव्या डिश होणे अशक्य होते, आणि हे तिच्यापेक्षा मला जास्त चांगले ठाऊक होते. सुधारलेल्या मसुद्यात बारा दिसले, मला हायसे वाटले आणि मी पुढे पाठवायला सांगितले.

आठ डिश धरून सगळे पुन्हा मोजले तेव्हा आमच्या बियांच्या दोन गटांतला फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. निबंधाचा सगळा निष्कर्षच गेला.

विद्यार्थिनी एव्हाना संशोधन सोडून दुसऱ्या नोकरीत गेली होती. मी तिला लिहिले. तिचे उत्तर त्याच रात्री आले. चूक माझीच आहे, असे तिने पहिल्या ओळीत लिहिले होते. पुढे लिहिले होते, ‘मॅडम, त्या आठवड्यात मी दोनदा तुमच्या केबिनपर्यंत येऊन परत गेले. तुम्ही फोनवर होतात.’ एवढेच. तक्रारीचा सूर नव्हता. मी त्या ओळी पुष्कळदा वाचल्या आहेत. आकडा बदलणे ही तिची चूक होतीच, ते कोणी नाकारत नाही. पण ती दोनदा येऊन परत का गेली, याचे उत्तर तिने नाही, मी द्यायचे आहे.

आम्ही निबंध मागे घेतला. संपादकांना पाठवलेल्या निवेदनात माझी टिप्पणी, ते नऊ दिवस आणि मी नोंदवही न पाहिल्याचे स्पष्ट लिहिले. ते छापून यायला सात महिने लागले.

आता तुमच्याकडे जे मागायचे आहे ते सांगते. ज्या निबंधावर तुमचे नाव लागणार आहे, तो पाठवण्यापूर्वी त्याच्या मूळ नोंदी स्वतः उघडून पाहा. विद्यार्थ्याने तयार करून आणलेले आलेख नव्हेत, सरासऱ्यांचा तक्ताही नव्हे. नोंदवही, यंत्रातून निघालेली फाइल, भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, जुन्या दस्तऐवजाचा फोटो, तुमच्या विषयात जे काही सर्वांत आधी हाती येते ते. निबंधातला एक आकडा किंवा एक अवतरण घ्या आणि ते उगमापर्यंत मागे नेऊन पाहा. मग दुसरे घ्या. विद्यार्थ्याला शेजारी बसवून हे करा, म्हणजे त्यालाही कळेल की निबंध पाठवण्याआधी एवढे करायचे असते.

हे माझ्या मनचे नाही. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हरला एकत्र जमले आणि त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. लेखक कोणाला म्हणायचे याचे निकष या समितीने १९८५ पासून मांडले आणि आज वैद्यकाबाहेरची असंख्य जर्नल्सही तेच निकष वापरतात. कामाच्या आखणीत, नोंदी मिळवण्यात किंवा त्यांच्या विश्लेषणात भरीव वाटा असावा. निबंध लिहिण्यात किंवा त्याची कसून दुरुस्ती करण्यात वाटा असावा. छापल्या जाणाऱ्या अंतिम प्रतीला मान्यता दिलेली असावी. बरीच वर्षे हे तीनच निकष होते. २०१३ मध्ये समितीने चौथा घातला : कामाच्या कोणत्याही भागाच्या अचूकतेबद्दल वा प्रामाणिकपणाबद्दल प्रश्न उठला तर त्याची नीट चौकशी होऊन तो सुटेपर्यंत मी उत्तरदायी राहीन, अशी लेखकाची कबुली. चारही निकष पूर्ण व्हावे लागतात, एखाद-दुसरा नव्हे. आपण सारे निबंध पाठवताना त्या कबुलीच्या चौकोनात बरोबरची खूण करतो. किती सेकंदांत करतो ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

त्या खुणेचे मोल काय असते ते २०२० मध्ये सगळ्या जगाने पाहिले. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देणे धोक्याचे ठरते, असा निबंध २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६७१ रुग्णालये आणि ९६ हजारांवर रुग्ण, असा त्याचा दावा होता. त्याच्या आधाराने जागतिक आरोग्य संघटनेने काही दिवसांतच आपल्या चाचण्यांतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग अभ्यासकांनी आकड्यांवर बोट ठेवायला सुरुवात केली. सगळ्या नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या एका कंपनीकडे होत्या आणि तिचा प्रमुख स्वतः निबंधाचा एक लेखक होता. उरलेल्या तीन लेखकांनी स्वतंत्र तपासणी करवायचे ठरवले तेव्हा कंपनीने मूळ नोंदी द्यायला नकार दिला. ४ जूनला त्या तिघांनी निबंध मागे घेतला. त्याच कंपनीच्या नोंदींवर आधारलेला दुसरा एक निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नेही त्याच दिवशी मागे घेतला. त्या तिघांनी नोंदी मागितल्या हे योग्यच केले. माझे म्हणणे एवढेच की मागण्याची वेळ निबंध पाठवण्याच्या आधी होती. साथ सुरू होती, डॉक्टर दर दिवशी निर्णय घेत होते आणि ते या आकड्यांकडे पाहत होते.

मला धीर दिला तो फ्रान्सिस आर्नल्ड यांच्या वागण्याने. त्यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१९ मध्ये त्यांचा विकरांवरचा (एन्झाइम्सवरचा) एक निबंध ‘सायन्स’ या जर्नलमध्ये आला आणि २०२० च्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून तसा निकाल मिळत नव्हता, आणि पहिल्या लेखकाच्या नोंदवहीत कळीच्या प्रयोगांच्या वेळच्या वेळी केलेल्या नोंदी आणि मूळ आकडे सापडले नाहीत. आर्नल्ड यांनी हे स्वतः जाहीर केले, सर्वांची क्षमा मागितली आणि निबंध पाठवला त्या काळात आपण व्यग्र होतो, आपले काम आपण नीट केले नाही, असे कबूल केले. पहिल्या लेखकाचे नाव पुढे करून त्या बाजूला झाल्या नाहीत. नोबेल मिळवलेल्या बाईंना हे म्हणता येत असेल तर आपल्याला का म्हणता येऊ नये?

त्याच महिन्यातली, म्हणजे जानेवारी २०२० मधली, दुसरी गोष्ट एका तरुण संशोधिकेची आहे आणि मी ती माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. केट लास्कोव्स्की जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या वागणुकीवर काम करत होत्या. त्यांच्या काही निबंधांतल्या नोंदी त्यांच्यापेक्षा कितीतरी नावाजलेल्या सहलेखकाने, जोनाथन प्रुइट यांनी, पाठवलेल्या होत्या. कोळ्यावर हवेचा झोत सोडायचा, तो अंग आखडून घेतो. पुन्हा हालचाल करायला त्याला किती सेकंद लागतात ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचे. एका सहकाऱ्याने शंका विचारल्यावर लास्कोव्स्की यांनी जुनी फाइल नव्याने उघडली. वेगवेगळ्या कोळ्यांपुढे तोच वेळ, शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत तोच, पुन्हा पुन्हा येत होता. त्यांनी सहलेखकाला खुलासा विचारला. मिळालेल्या खुलाशाने त्यांचे समाधान झाले नाही. त्या नुकत्याच प्राध्यापक झाल्या होत्या, कारकीर्द उभी राहायची होती आणि हे निबंध त्या कारकिर्दीचा पाया होते. तरी त्यांनी ते मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली आणि आपण काय पाहिले, कसे पाहिले, हे सगळ्यांना वाचता येईल असे सविस्तर लिहून काढले. कोणी सांगितले होते म्हणून नव्हे. निबंधावर त्यांचे नाव होते म्हणून.

उलटेही घडते आणि ते अधिक दुखावणारे असते. नेदरलँड्समधले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल स्वतःच आकडे रचून ते आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना द्यायचे. २०११ मध्ये तीन तरुण संशोधकांनी धीर करून ते उघड केले. स्टापेल यांचे ५८ निबंध मागे घेतले गेले. त्या विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या प्रबंधांखालची जमीनच सरकली. विद्यार्थ्यांना आपण नोंदी दाखवायला सांगतो, तशा त्यांनीही आपल्याकडे मागाव्यात आणि मागितल्या म्हणून कोणी नाक मुरडू नये.

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, विज्ञान विश्वासावर चालते. विद्यार्थ्याची नोंदवही तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. मीही हेच म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. आता माझा अनुभव वेगळा आहे. नोंदवही फक्त संशय आल्यावर मागितली तर तो अविश्वास होतो. प्रत्येक निबंधाला, प्रत्येकाची, माझीसुद्धा उघडली जाते तेव्हा तो कामाचा एक भाग होतो. आमच्याकडे आता निबंध पाठवण्याआधी एक अख्खी दुपार यातच जाते. विद्यार्थी सांगतात की त्या दुपारनंतर त्यांना शांत झोप लागते. आजवर त्या दुपारी आम्हाला एकही लबाडी सापडलेली नाही. चुका मात्र दर वेळी सापडल्या : स्तंभ सरकलेला, एकके बदललेली, एकाच छायाचित्राला दोन ठिकाणी वेगळे नाव दिलेले.

छायाचित्रांचे विशेष सांगते, कारण तिथे डोळे लवकर फसतात. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीववैद्यक विषयांतले २०,६२१ निबंध एकेक करून पाहिले. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्यांतल्या ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद रीतीने पुन्हा वापरलेली छायाचित्रे आहेत आणि त्यांतली निदान निम्मी तरी मुद्दाम केल्यासारखी दिसतात. त्या सगळ्या निबंधांवर शेवटचे एक नाव होते.

दुसरा आक्षेप रास्त आहे. मोठ्या सहकार्याच्या कामात एकाने सगळे पाहणे शक्य नसते. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्यांतल्या प्रत्येकाने सगळ्या नोंदी पाहिल्या पाहिजेत असे कोणी म्हणणार नाही. निकषांतही तसे म्हटलेले नाही. कोणत्या भागाला कोण जबाबदार आहे हे प्रत्येक लेखकाला सांगता यावे आणि सहलेखकांच्या प्रामाणिकपणाची त्याला खात्री असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. मोठ्या गटांमध्ये तपासणीच्या अनेक पायऱ्या असतात. आपली अडचण निराळी आहे. आपल्या निबंधांना पाच-सहा लेखक असतात आणि तरीही कोणीच मूळ नोंदी पाहिलेल्या नसतात, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाहिल्या असतील.

इथून मी नावांच्या प्रश्नाकडे येते. जो नोंदी पाहू शकत नाही, पाहायला तयार नाही किंवा पाहिल्या तरी ज्याला त्यातले काही कळणार नाही, त्याचे नाव निबंधावर नको. विभागप्रमुख म्हणून, उपकरण वापरू दिले म्हणून, मागच्या वेळी त्यांनी आपले घातले म्हणून, नाव मोठे असले की समीक्षक जरा मऊ होतात म्हणून, अशी नावे घालणे बंद करायला हवे. अशा मदतीसाठी आभाराचा परिच्छेद असतो. आणि ज्याने महिनोन्महिने मोजमाप केले, पण पगारी साहाय्यक आहे म्हणून किंवा आता सोडून गेला म्हणून ज्याचे नाव गाळले, ते परत यायला हवे. कोणी काय केले ते नोंदवण्यासाठी चौदा भूमिकांची ‘क्रेडिट’ नावाची पद्धत आता अनेक जर्नल्स वापरतात. कल्पना कोणाची, मोजमाप कोणाचे, विश्लेषण कोणाचे, देखरेख कोणाची. ही यादी निबंध पाठवायच्या रात्री भरू नका. काम सुरू होताना सगळ्यांनी बसून कागदावर लिहा आणि काम बदलले की ती बदला. विद्यार्थी तुमच्यासमोर बसून ‘सर, तुमचे नाव कशासाठी?’ असे कधीच विचारू शकणार नाही. त्याची शिफारसपत्रे, त्याची पदवी, त्याची पुढची नोकरी तुमच्या हातात आहे. म्हणून हा विषय तुम्हीच काढायला हवा.

२०२३ च्या सुरुवातीला काही निबंधांवर चॅटजीपीटीचे नाव सहलेखक म्हणून दिसू लागले तेव्हा ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ने ताबडतोब नियम केला : असे साधन लेखक होऊ शकत नाही. ‘नेचर’ने दिलेले कारण साधे होते. लेखक म्हणजे लिहिलेल्याची जबाबदारी घेणारा, आणि यंत्राला जबाबदारी घेता येत नाही. ते वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या एका ओळीवर थांबले. यंत्राला ज्या कारणासाठी आपण लेखक मानत नाही, त्या कारणात आपल्यातले किती जण बसतात? मसुदा लिहिताना अशा साधनाची मदत घेतली तर ती उघड सांगावी आणि त्याने पुरवलेला प्रत्येक संदर्भ मुळात जाऊन वाचावा. अस्तित्वात नसलेले निबंध ही साधने अगदी खऱ्यासारखे करून देतात.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहीत नाही, त्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देऊ नये. स्वतःचे जुने लेखनही नवे म्हणून देऊ नये. एकच निबंध दोन जर्नल्सना एकाच वेळी पाठवू नये. पैसा कोणाचा आणि हितसंबंध कोणते ते लपवू नये. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा तो निबंध बारा मुलांवर होता. त्याच्या मुख्य लेखकाला वकिलांकडून मिळत असलेले पैसे वाचकांपासून लपवले गेले होते. तेरांपैकी दहा लेखकांनी २००४ मध्ये त्या अन्वयार्थापासून स्वतःला वेगळे केले, निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, आणि त्याने पेरलेली भीती अजून गेलेली नाही. माणसांवर काम असेल तर त्यांची संमती आणि त्यांची ओळख जपणे हे आकड्यांच्याही आधी येते. पैसे देऊन तयार निबंध विकत घेणाऱ्यांबद्दल काय बोलावे? २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे होते आणि त्यामागे असे तयार निबंध विकणाऱ्या कारखान्यांचा मोठा हात होता.

पण विकत घेणारे आणि रचणारे वेगळे. माझे पत्र त्यांना नाही. ते आपल्यासारख्या भल्या, कष्टाळू, कायम घाईत असलेल्या माणसांना आहे, जी कधी लबाडी करत नाहीत आणि तरी त्यांच्या प्रयोगशाळेत आठचे बारा होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन यांनी २०२३ मध्ये पद सोडले. त्यांच्या निबंधांची चौकशी करणाऱ्या समितीला त्यांनी स्वतः आकडे बदलल्याचा किंवा त्यांना ते माहीत असल्याचा पुरावा मिळाला नव्हता. त्यांच्या प्रयोगशाळांत इतरांनी आकड्यांत आणि छायाचित्रांत फेरफार केल्याचे मात्र समितीला आढळले, आणि चुका समोर आल्यावर त्या ठामपणे दुरुस्त केल्या नाहीत असा ठपका तिने ठेवला. हवा तो निकाल आणणाऱ्यांना जवळ केले जाई आणि न आणणारे बाजूला पडत, असेही तिथल्या काहींनी समितीला सांगितले. हे वाचताना मला माझी टिप्पणी आठवली. ‘बारा करा.’ मीही काही वेगळे सांगितले नव्हते.

म्हणून आणखी एक विनंती. तुमच्या विद्यार्थ्यांना तोंडाने, स्पष्ट शब्दांत आणि एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा सांगा की निकाल आला नाही तरी चालेल, डिश फुकट गेल्या तरी चालेल, मुदत चुकली तरी चालेल. आणि पुढच्या वेळी खरोखर मुदत चुकेल तेव्हा तसे वागा. आपण मान वर करून कसे पाहतो, किती वेळात ‘मग पुढे काय?’ असे विचारतो, यावरून त्यांना खरे काय ते कळते. वाईट बातमी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी आता आधी बसायला सांगते आणि फोन खणात ठेवते. या छोट्याशा गोष्टीने माझ्याकडे येणाऱ्या वाईट बातम्या वाढल्या आहेत, आणि त्या निबंध पाठवण्याच्या आधी येतात.

निबंध मागे घ्यायची वेळ आलीच तर निवेदनात सगळे खापर पहिल्या लेखकावर फोडू नका. ‘एका लेखकाने केलेल्या चुकीमुळे’ एवढे लिहिले की आपण सुटतो, आणि ते एक नाव इंटरनेटवर त्या चुकीसकट कायमचे राहते. आपण काय पाहिले नाही तेही लिहा. प्रामाणिक चुकीसाठी निबंध मागे घेणाऱ्याकडे विद्यापीठांनी आणि अनुदान देणाऱ्यांनी गुन्हेगारासारखे पाहू नये. निवड समित्यांवर तुम्हीच बसता, तेव्हा हेही तुमच्याच हातात आहे. आणि मागे घेतल्याने काम संपत नाही. आमच्या त्या निबंधाचा हवाला लोक अजून देतात. जुनी प्रत कोणाच्या तरी संगणकात उतरवून ठेवलेली असते, तिच्यावर ‘मागे घेतला’ असा शिक्का नसतो. दर सहा महिन्यांनी मी शोध घेते आणि ज्यांनी तो वापरला त्यांना ईमेल लिहिते. काही जण दुरुस्ती करतात. बरेच जण उत्तर देत नाहीत. उत्तर न येण्याचा अर्थ काय असू शकतो, ते त्या तीन आठवड्यांमुळे मला चांगले समजते.

तुमच्याही ईमेलमध्ये असे एखादे पत्र पडून असेल. अनोळखी नाव, चार नम्र ओळी, एका तक्त्यातल्या एका आकड्याबद्दल प्रश्न. त्याला आज उत्तर द्या. नोंदवहीचे ते पान सोबत जोडा.

आपली नम्र,
तुमच्यातलीच एक मार्गदर्शक